पश्चिमेची शीर

होन्नेगुड्ड
८ जुलै २०२४

संयू,

अकराव्या लेव्हलची काच दोन्ही हातांत होती आणि पोस्टमन दारात उभा राहून हाका मारत होता. मला अर्थातच ऐकू आलं नाही. शेवटी रत्नाने मागून खांद्यावर थाप मारली आणि काच सुटता सुटता राहिली. तुझ्या पत्रापायी एक लेव्हल जाणार होती.

तुमच्या ऑफिसला आमच्या खाणीचं काम मिळालंय, हे मला बसवंतच्या हॉटेलात आधीच समजलं होतं. ते तुझ्याच टेबलावर येईल हे मात्र माहीत नव्हतं. तुझा बाप आज असता तर म्हणाला असता, खंडोजीने आयुष्यभर जमिनीखाली जाऊन जे केलं ते माझी मुलगी खुर्चीत बसून करते. थोरला भाऊ होता, मला असं बोलायचा त्याला हक्क होता.

आमचं मॉडेल तू लहानपणी पाहिलं आहेस. लाकडी चौकट, तिच्यात खाचा, प्रत्येक खाचेत एक आडवी काच. एक काच म्हणजे खाणीची एक लेव्हल. बोगदे काळ्या रंगात, सोन्याची शीर लाल. वरून वाकून पाहिलं की लाल रेघा एकीखाली एक दिसतात, आणि शीर पश्चिमेकडे कलत कशी खाली गेली आहे ते समजतं. नव्या मालकांनी ऑफिस रंगवायला काढलं तेव्हा हे भंगारात निघालं होतं. मी टेम्पो करून घरी आणलं. रत्ना त्याला ‘तुमची दुसरी’ म्हणते.

खालच्या चार काचांवर लाल रेघेच्या पश्चिमेला एक पिवळी रेघ आहे. ती ऑफिसने काढलेली नाही. मी काढली आहे.

बोअर एक्केचाळीस आणि त्रेचाळीस नीट बघ. अठराव्या लेव्हलला पश्चिमेकडे यंत्रासाठी खोदलेल्या खोलीतून मी मारून घेतल्या होत्या, वायव्येच्या दिशेने. दोन्हींत सोनं लागलं. एक्केचाळीसमध्ये सलग चार मीटर. मुख्य शिरेत दीड मीटर मिळालं तरी आम्ही पेढे वाटायचो. म्हणजे पहिलीला समांतर दुसरी शीर आहे, आणि ती जास्त जाड आहे. हे मी तेव्हापासून सांगतोय. साहेब बदलत गेले, कोणी पुढे बोअर मारली नाही, मी रिटायर झालो.

मुख्य शीर आता संपत आली आहे. पश्चिमेची असेल तर खाण तीस वर्षं चालेल. नसेल तर कॉलनीच्या शाळेला कुलूप.

गिरी अजून पिंजऱ्याच्या यंत्रावरच आहे. रोज माणसांना खाली सोडतो, वर घेतो. बेंगळुरूच्या एका लिफ्ट कंपनीने त्याला बोलावलं आहे. सप्टेंबरअखेर उत्तर द्यायचं आहे. तो विचारतो, “अप्पा, खाण राहील ना?” मी म्हणतो, थांब. अक्का मॉडेल करतेय.

फोन करू नकोस. फोनवर ओठ वाचता येत नाहीत; तो रत्ना घेते आणि मला हातवारे करून सांगते. त्यात सोनं आणि भाजी सारखीच दिसते.

तुझा चिकप्पा
खंडोजी


सर्जापूर रोड, बेंगळुरू
१७ जुलै २०२४

चिकप्पा,

पत्र लिहायला बसले तर हात दुखतो. शाळेनंतर एवढं सलग कधी लिहिलेलं नाही. ऑफिसात गौरीने विचारलं, “कोणाला लिहितेस?” म्हटलं, काकांना. ती म्हणाली, “हाऊ स्वीट.” तिला वाटलं वाढदिवस असेल.

तुमच्या काचा मला आठवतात. मी त्यांत गोट्या सोडल्या होत्या आणि तुम्ही मला ओरडला नव्हतात. कुठल्या लेव्हलला अडकल्या ते विचारलं होतं.

माझ्याकडे आता काचा नाहीत, एवढाच फरक. मला खाणीकडून बोअरची माहिती येते. प्रत्येक बोअर पडद्यावर एक बारीक रेघ होऊन उतरते. रेघेवर सोनं कुठे किती, त्याचे रंग. जुन्या-नव्या मिळून अशा शेकडो रेघा आहेत, पावसात छत्रीच्या काड्या उलट्या व्हाव्यात तशा. आणि त्यांच्या मधे काही नाही. शीर काढायची असते ती त्या काही नसलेल्या जागेत. सॉफ्टवेअर विचारतं, हा ठिपका त्या ठिपक्याला जोडू का? मी हो किंवा नाही म्हणते. दिवसभर एवढंच करते. पडदा फिरवून खालून बघते, मागून बघते. डोंगराखाली उभं राहून वर पाहता येतं. तुम्हाला ते आवडलं असतं.

आता एक अडचण. खाणीची कंपनी जाहीर करेपर्यंत निकाल बाहेर सांगायचा नाही, अशी आम्ही सगळ्यांनी सही केली आहे. घरच्यांनाही नाही. अहवाल नोव्हेंबरात येईल. आमचा टीम लीड प्रणीत पुण्याचा आहे. तो तर म्हणतो, “होन्नेगुड्ड हे नावही कॅन्टीनमध्ये काढायचं नाही.” त्यामुळे मी काही सांगणार नाही आणि तुम्ही काही विचारू नका.

तरी एकच गोष्ट लिहिते आणि मग पेन खाली ठेवते. परवा एक्केचाळीस आणि त्रेचाळीस आत घातल्या, जोडल्या, आणि तुमची पिवळी रेघ पडद्यावर पत्र्यासारखी उभी राहिली. मी खुर्ची मागे सरकवून नुसती बघत बसले.

चिक्कम्मांना नमस्कार. गिरीला सांगा, आमच्या इमारतीची लिफ्ट आठवड्यातून दोनदा बंद पडते. त्याची गरज इथेही आहे.

संयोगिता


होन्नेगुड्ड
२६ जुलै २०२४

संयू,

“पत्र्यासारखी उभी राहिली.” हे मी रत्नाला वाचून दाखवलं. मग गिरीला. गिरीने पत्र माझ्या हातातून घेऊन स्वतः वाचलं. तो माझ्यावर विश्वास ठेवतो, पण वाचून.

बसवंतच्या हॉटेलात सांगितलं नाही. एवढं समजतं मला. फक्त बसलो, आणि बसवंतने विचारलं, “साहेब, आज स्वल्प खुशीत?” मी म्हणालो, चहा चांगला झालाय. त्याचा चहा कधीच चांगला नसतो. त्याला काय समजायचं ते समजलं असणार.

पिवळा रंग जुना झाला होता, पोपडे निघत होते. नवा डबा आणला आणि चारही काचांवरची रेघ पुन्हा काढली. रेघ सरळ आली. रत्ना म्हणाली, दुसरीला नवी साडी घेतली वाटतं.

गिरी लिफ्टवाल्यांना नाही म्हणून कळवणार आहे. मी म्हटलं, घाई नाही, सप्टेंबर आहे अजून. पण त्याने मनात ठरवलंच आहे. कालच दाराशेजारी जाईचा वेल लावला. जाणारा माणूस वेल लावत नाही.

तुझ्या त्या प्रणीतला म्हणावं, डोंगराखालून वर मीही पाहिलं आहे. पडद्याशिवाय.

खंडोजी


सर्जापूर रोड
१९ ऑगस्ट २०२४

चिकप्पा,

उत्तराला उशीर झाला. काम होतं.

एक विचारायचं आहे. एक्केचाळीस आणि त्रेचाळीस मारल्या तेव्हा त्या आत गेल्यावर त्यांची दिशा तुम्ही कशी मोजली होती? यंत्र कसं लावलं ते नव्हे. आत, शंभर मीटरवर, दोनशे मीटरवर.

गिरीने अजून कळवलं नसेल तर थांबू दे.

लवकर लिहा.

संयोगिता


होन्नेगुड्ड
२८ ऑगस्ट २०२४

चि. संयोगिता,

चार ओळींचं पत्र यायला आठ दिवस लागले. ओळीमागे दोन दिवस पडले.

तुमची दोन माणसं या महिन्यात अठराव्या लेव्हलला गेली आणि माझ्या एक्केचाळीसमध्ये कसलं तरी यंत्र सोडून आली. गिरीनेच त्यांना पिंजऱ्यातून खाली नेलं. त्यांनी त्याला विचारलं, इथे पूर्वी जिऑलॉजिस्ट कोण होता? तो म्हणाला, माझे वडील. मग ती दोघं आपसात इंग्रजीत बोलू लागली आणि येताना त्याच्याशी बोललीच नाहीत. हे तू मला लिहिलं नाहीस.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. आमच्याकडे काचेच्या नळ्या असत. नळीत ॲसिड भरायचं, नळी रॉडच्या टोकाला बसवून बोअरमध्ये सोडायची आणि तशीच ठेवायची. बोअर कितीही तिरपी असो, ॲसिड पाण्यासारखं आपली पातळी धरतं, आणि जिथे पातळी असेल तिथे काच खातं. नळी वर काढली की आत तिरकी रेघ उमटलेली असे. ती रेघ मोजली की तेवढ्या अंतरावर बोअर किती झुकली आहे ते समजतं. मी दर तीस मीटरला नळी सोडायला लावली. लोक साठला सोडत. बोटं भाजली माझी, डाव्या हाताची दोन नखं अजून नीट नाहीत. एक्केचाळीसचा झुकाव पहिल्यापासून शेवटपर्यंत एका अंशानेही हलला नव्हता. त्या नळ्या माझ्याकडे आहेत. येऊन बघ.

तू माझ्या कामाची झडती घेत आहेस हे मला समजतं. घे. पण झडती घेणाऱ्याने आधी नमस्कार करायचा असतो.

गिरी तुझ्या पत्रामुळे पुन्हा थांबला आहे. एका पत्रात राहा, दुसऱ्यात जा. वेलाला पाणी घालावं की नाही, असं त्याने माझ्या पाटीवर लिहून विचारलं.

खंडोजी


सर्जापूर रोड
८ सप्टेंबर २०२४

चिकप्पा, नमस्कार.

तुमच्या नळ्यांवर माझा विश्वास आहे. कोणी शंका घेतली तर मी भांडेन. मी प्रणीतशी भांडलेही. पण तुम्ही मला झुकाव लिहिलात. मी दिशा विचारली होती, डावीकडे की उजवीकडे ती.

खाणीबद्दल मला यापुढे काही लिहिता येत नाही. म्हणून आमच्या इमारतीबद्दल लिहिते.

आमच्याकडे पाणी टँकरचं. असोसिएशनने ठरवलं, नवी बोअरवेल घ्यायची. गाडी आली, मंजुनाथ नावाचा माणूस आनेकलहून आला, दोन दिवस सगळी इमारत हादरत होती. सातव्या मजल्यावर माझ्या कपाटातल्या वाट्या वाजायच्या. पाणी लागलं. टाळ्या वाजल्या, कोणीतरी नारळ फोडला. मग पंप सोडायला घेतला तर तो निम्म्यात अडकला. वर येईना, खाली जाईना. सेक्रेटरीबाई मंजुनाथला म्हणाल्या, “तुमचं भोक वाकडं गेलंय.” तो छातीवर हात ठेवून म्हणाला, “मेडम, होल सरी इदे. पंपच स्वल्प सोट्ट.” भोक बरोबर आहे, पंपच जरा वाकडा आहे! तळमजल्यावरचे एक आजोबा हसून हसून खाली बसले.

मंजुनाथ खोटं बोलत नव्हता. त्याने गाडी सरळ उभी केली होती. पातळी धरून, माझ्यासमोर. भोक आत गेल्यावर पुढे काय करतं ते त्याला दिसत नव्हतं. कोणाला दिसतं?

मी हसले नाही. वर आले आणि तुमचं पत्र पुन्हा वाचलं.

चिकप्पा, जुलैच्या पत्रात मी तुम्हाला एक वाक्य लिहिलं होतं. ते लिहायला नको होतं, सही केली होती म्हणूनच नव्हे. ते मी परत घेते. ते वाक्य नसतं तर गिरीने जे ठरवलं असतं ते त्याने ठरवावं, आणि तीस तारखेच्या आत ठरवावं. याहून जास्त मला लिहिता येत नाही. प्रणीत म्हणाला होता, “डेटाला काका नसतात.”

तुमच्या यंत्राचे रॉड कुठल्या बाजूला फिरायचे? हे विचारायला परवानगी लागत नाही. कुठल्याही यंत्राबद्दल विचारता येतं.

रागावला असाल तर रागावून लिहा, पण लिहा.

संयोगिता


होन्नेगुड्ड
२७ सप्टेंबर २०२४

संयू,

रॉड उजवीकडे फिरायचे. सगळीकडे उजवीकडेच फिरतात.

तुझं पत्र आलं तेव्हा रागावलो होतो. तो मंजुनाथ वाचून जास्तच. पत्र घडी करून दगडाखाली ठेवून दिलं आणि बरेच दिवस त्या टेबलाकडे गेलो नाही.

मग एका संध्याकाळी रत्ना बाळेकाईची भजी करायला बसली. पहिलं केळं तिने आडवं कापलं. गोल चकत्या पडल्या, लहान. मग तिला आठवलं की गिरीला लांब आवडतात, तर दुसरं केळं उभं धरून कापलं. वीतभर पट्ट्या निघाल्या. मी समोर बसलो होतो. केळं तेवढंच, जाडी तेवढीच. सुरी कशी गेली एवढाच फरक.

चार मीटर, संयू. मी चार मीटरचे पेढे वाटले होते.

उठून टेबलाकडे गेलो आणि तुझ्या पत्रावरचा दगड उचलला. तो दगड म्हणजे एक्केचाळीसमधून निघालेल्या खडकाच्या गोल कांडीचा, कोअरचा तुकडा. सोनं लागलं त्याच्या वीतभर अलीकडचा. रिटायर होताना मागून घेतला होता. गेली कित्येक वर्षं तो माझ्या कागदांवर बसला आहे. आपल्या खडकाला पदर असतात हे तुला सांगायला नको, आणि शीर त्या पदरांच्याच बाजूने चालते. बोअर वायव्येला सरळ गेली असती तर तिने पदर तिरके कापले असते, आणि कोअरच्या तुकड्यावर ते तिरके दिसले असते. माझ्या तुकड्यावर ते लांबीने चालले आहेत. या टोकापासून त्या टोकापर्यंत. तेव्हाही मला दिसलं होतं. शिरेजवळ पदर मुडपतात, असं मी तेव्हा म्हणालो. मुडपतातही. पण हे मुडपलेले नाहीत. शाळेतल्या मुलाने वहीत आखावेत तसे सरळ आहेत.

बोअर उजवीकडे सरकत सरकत उत्तरेला वळली असणार. तिचा झुकाव तोच राहिला, म्हणून माझ्या नळ्यांना ते समजलं नाही. शीरही दक्षिणोत्तर धावते आणि खाली जाताना पश्चिमेला येते. दोघी वाटेत भेटल्या. मला भेटली ती पहिलीच शीर, नुसती उभी कापलेली. आणि त्रेचाळीसने एक्केचाळीसला दुजोरा दिला, कारण ती त्याच खोलीतून त्याच यंत्राने मारलेली. ती वेगळं काय सांगणार होती?

हे तू मला सांगितलेलं नाहीस. कोणी विचारलं तर हे पत्र दाखव. बाळेकाईने सांगितलं.

गिरीला त्याच रात्री जेवताना सांगितलं. तो माझ्या कानाशी ओरडत नाही, पाटीवर लिहितो. त्याने लिहिलं, “मग खाण?” मी म्हणालो, लाल रेघ आहे तेवढी वर्षं. फार नाहीत. त्याने ताटातलं संपवलं. मग बोटाने पुसून लिहिलं, “तुम्हाला नक्की माहीत आहे?” मी म्हणालो, आता आहे. या वेळी त्याने वाचून घ्यायला काही मागितलं नाही. मला वाटतं, ते मागितलं असतं तर बरं वाटलं असतं.

लिफ्टवाल्यांना त्याने दुसऱ्या दिवशी हो म्हणून कळवलं. सर्जापूर रोडचाच भाग दिला आहे त्याला.

नवा रंग पक्का वाळला होता. टर्पेंटाइन लावून चारही काचा घासल्या. लाल तसंच ठेवलं आहे. पिवळं सगळं निघालं, पण जिथे रेघ होती तिथे काच बाकीच्यापेक्षा स्वच्छ झाली आहे, त्यामुळे आडवं धरलं की रेघ दिसतेच. त्याला माझ्याकडे उपाय नाही. रत्ना शेजारी उभी होती. ओठ वाचले मी तिचे. “दुसरी गेली. आता पहिलीकडे बघा.” मग पदर तोंडाला लावून हसली, आणि नंतर हसत नव्हती.

बसवंतच्या हॉटेलात जाऊन म्हणालो, पिवळी रेघ पुसली. फक्त एवढंच. त्याने चहा ठेवला. दुसऱ्या दिवशी विचारलं, “साहेब, पुन्हा काढता येते का?” मी म्हणालो, बोअर मारल्याशिवाय नाही. तो मान हलवून दूध बघायला गेला. त्याचा मुलगा कॉलनीच्या शाळेत सातवीत आहे.

एक मागणं आहे. त्या दोन बोअर मॉडेलमधून काढून टाकू नका. त्यांनी जे पाहिलं ते खरं आहे, फक्त जागा चुकली आहे. जागा दुरुस्त करा आणि लाल शिरेत घाला. लाल शीर उत्तरेला आम्ही समजत होतो त्याहून थोडी पुढे असेल. थोडीच. तेवढी धरा.

गिरी आज संध्याकाळच्या गाडीने निघतोय. हे पत्र त्याच्याबरोबर देतो, पोस्टाला त्रास नको. विसाव्या लेव्हलची काचही देतोय. चौकटीत ती नसली तरी चालेल, तेवढ्या खाली आता मी जात नाही. तुझ्या खिडकीत ठेव. गोट्या टाकू नकोस.

वेलाला पाणी मी घालीन.

तुझा चिकप्पा


सर्जापूर रोड
२८ सप्टेंबर २०२४

चिकप्पा,

आज सकाळी गिरी के. आर. पुरमला उतरला. मी स्टेशनवर गेले होते. काच चिक्कम्मांच्या जुन्या साडीत गुंडाळून त्याने रात्रभर मांडीवर ठेवली होती. बर्थवर आडवा झाला नाही. काच फुटलेली नाही.

आमची लिफ्ट बंद होती. सात मजले तो काच घेऊन जिन्याने चढला, मी बॅग घेऊन मागून. वर पोचल्यावर पाणी प्यायला आणि तुमचं पत्र दिलं. मी वाचत होते तोवर तो बाहेर लिफ्टच्या दाराला कान लावून उभा होता. म्हणाला, “अक्का, दोर चांगला आहे. दाराचा स्विच गेलाय.” मग आंघोळ करून कामाच्या ठिकाणी गेला.

काच खिडकीत ठेवली आहे. दोन्ही बोअर नव्या जागी घातल्या.

संयोगिता